तांबं की निकेल, फरक पडतेच
"धातू कोणताबी घ्या, ग्राफीन सारखंच बसते" हे एकाचं म्हणणं काही पटलं नाही भाऊ. ग्राफीन म्हणजे कार्बनचा एका अणूएवढा पातळ पापुद्रा, तो भट्टीत तापलेल्या धातूवर वाढवतात. निकेल तापलं की कार्बन पोटात घेते अन् थंड होताना बाहेर टाकते, साखरेचा पाक थंडावला की वर साखर धरते ना तसं, म्हणून कुठं एक थर तर कुठं चार. तांब्यात कार्बन जवळजवळ विरघळतच नाही, १००० अंशाच्या आसपास मिथेन (कार्बनवाला वायू) सोडला की त्यातला कार्बन वरच्यावरच पसरते आणि तांबं झाकलं गेलं की वाढ आपोआप मंदावते.

पण राजेहो, सुरकुत्यांचं कोणी बोललंच नाही! थंड होताना तांबं आकसते, ग्राफीन आकसत नाही, मग घड्या पडतात, गंजातल्या दुधावरच्या सायीला फुंकर मारल्यावर पडतात तशा. पहिल्यांदा मायक्रोस्कोपखाली पाह्यलं तवा मले वाटलं माझाच नमुना बिघडला, दोन दिवस भट्टीच साफ करत बसलो.