सोसायटीचा तक्रार-फॉर्म: १९ प्रश्नांतले किती ठेवावेत?

पामबीच_सचिव (प्रश्न)

नेरूळची सोसायटी आहे. ४ विंग, प्रत्येकी ७ मजले, मजल्यावर ४ घरं, म्हणजे ११२ फ्लॅट. तक्रारींसाठी गूगल फॉर्म आहे आणि त्यात १९ प्रश्न आहेत: नाव, विंग, मजला, फ्लॅट, मालक की भाडेकरू, मोबाईल, ईमेल, तारीख, वेळ, तक्रारीचा प्रकार (२६ पर्याय), उपप्रकार, प्राधान्य, वर्णन, फोटो, आधी कळवलं होतं का, कोणाला, केव्हा, दुरुस्तीसाठी सोयीची वेळ आणि शेरा. बहुतेक सभासद फॉर्म उघडून बंद करतात आणि वॉचमनला सांगतात, नाहीतर ग्रुपवर टाकतात. तिथे ते दोन तासांत वर सरकून जातं.

कमिटीत दोन मतं आहेत. एक म्हणतं, तयार ॲप विकत घ्या. दुसरं म्हणतं, आहे तोच फॉर्म सुटसुटीत करा. मॅनेजर अर्धवेळ आहे. निम्म्याहून जास्त घरांत ज्येष्ठ मंडळी आहेत. नेमकं हवं आहे ते असं: कोणते प्रश्न काढावेत, फोटो सक्तीचा असावा का, मराठी-इंग्रजीचं काय करावं, आणि लिफ्टजवळ लावायचा क्यूआर किती मोठा छापावा?

कोरी_चौकट

प्रत्येक प्रश्नाला एकच कसोटी लावा: हे फक्त सभासदालाच माहीत आहे का? जे फॉर्मला, मॅनेजरला किंवा सोसायटीच्या दफ्तराला आधीच माहीत आहे, ते पुन्हा विचारू नये.

तारीख आणि वेळ पहिल्याच फटक्यात जातात, कारण उत्तरं जमा होतात त्या गूगल शीटच्या पहिल्या रकान्यात ती आपोआप नोंदली जाते. मजला फ्लॅट नंबरात आहेच. मालक की भाडेकरू, नाव आणि ईमेल हे दफ्तरात आहे. "आधी कळवलं होतं का" याचं उत्तर शीटमध्ये तो फ्लॅट शोधला की मिळतं. उपप्रकार प्लंबरने ठरवायचा. नळाचा वॉशर गेलाय की स्पिंडल, हे घरातल्या माणसाला विचारण्यात अर्थ नाही. सोयीची वेळ मॅनेजर फोनवर ठरवतो, फॉर्ममध्ये लिहिलेली वेळ तोवर उलटून गेलेली असते.

राहतात पाच: काय बिघडलंय, विंग, फ्लॅट, मोबाईल आणि "आणखी काही सांगायचंय?" हा ऐच्छिक. शेवटचा ऐच्छिकच ठेवा, सक्ती केली की लोक टिंब टाकून पुढे जातात.

२६ पर्यायांची यादी हा या फॉर्मचा सगळ्यात मोठा अडथळा आहे. ड्रॉपडाउनमध्ये पर्याय आधी लपलेले असतात, उघडावे लागतात, आणि छोट्या पडद्यावर यादीचं शेवटचं टोक दिसत नाही. सात-आठ पर्याय गोल बटणांनी उघडे ठेवा आणि शब्द घरात बोलतात ते वापरा. "प्लंबिंग व सॅनिटरी" असं लिहू नका. असं लिहा: गळती किंवा ओल, पाणी येत नाही, ड्रेनेज तुंबलंय, जिन्यातला किंवा पार्किंगचा दिवा, लिफ्ट, साफसफाई, दुसरं काही. पहिल्या तीन पर्यायांत सुतार, प्लंबर, वायरमन हे शब्द कुठेच नाहीत हे मुद्दाम आहे. माणसाला बिघाड दिसतो, कारागीर कोण लागेल ते मॅनेजर बघेल.

फोटोचा प्रश्न काढून टाका, ऐच्छिकसुद्धा ठेवू नका. गूगल फॉर्ममध्ये फाईल जोडण्याचा प्रश्न घातला की भरणाऱ्याला गूगल खात्यात साइन इन करावंच लागतं. ज्येष्ठांच्या फोनवर पासवर्डाचं पान आलं की तक्रार तिथेच संपते, आणि कमिटीला वाटतं लोक उदासीन आहेत. "एकाला एकच प्रतिसाद" ही सेटिंगही हेच करते, तीही बंद असल्याची खात्री करा. फोटो हवाच असेल तर फॉर्म पाठवल्यावर दिसणाऱ्या संदेशात लिहा: "फोटो असल्यास मॅनेजरच्या व्हॉट्सॲपवर फ्लॅट नंबरासह पाठवा."

फ्लॅट आणि मोबाईलच्या रकान्यांत तपासणी सैल ठेवा. तपासणीच्या सूत्रात फक्त इंग्रजी आकडे मान्य केले असतील, तर मराठी कीबोर्डवरून टाकलेलं ५०३ नाकारलं जातं आणि लाल अक्षरांत चूक दाखवली जाते. चूक माणसाची नसते. मोबाईललाही तेच: कोणी आधी शून्य लावतं, कोणी ९१, कोणी पाच आकड्यांनंतर जागा सोडतं. "किमान १० अक्षरं" एवढी अट पुरते.

जोडाक्षर

वरच्या पाचांपैकी विंगचा प्रश्नही सभासदाने भरायला नको. फॉर्मच्या तीन टिंबांच्या मेनूत आधी भरलेली लिंक बनवायची सोय आहे. चार विंगांसाठी चार लिंक, चार वेगळे क्यूआर. बी विंगच्या लॉबीत स्कॅन केलं की विंग बी निवडूनच येते.

इथे दोन ठिकाणी घोटाळा होतो. पहिला: लिंकमध्ये प्रश्नाचा एक क्रमांक असतो. छपाई झाल्यावर कोणी तो प्रश्न खोडून तसाच नवा बनवला, तर क्रमांक बदलतो आणि चारही स्टिकर कोरा फॉर्म उघडू लागतात. पर्यायाचा शब्द बदलला तरी तेच, कारण लिंकमधला मजकूर पर्यायाशी तंतोतंत जुळावा लागतो. म्हणून आधी आठवडाभर फॉर्म वापरून बघा, मगच छापा.

दुसरा घोटाळा देवनागरीचा. वेबपत्त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ९ अक्षरं खातं, कारण ते ३ बाइटचं असतं आणि प्रत्येक बाइट ३ अक्षरांनी लिहिला जातो. "बी विंग" मध्ये काना-मात्रा धरून ६ चिन्हं, म्हणजे ५४ अक्षरं आणि मधली मोकळी जागा वेगळी. विंगचा पर्याय नुसतं एक रोमन अक्षर ठेवला तर अख्खी लिंक १३० अक्षरांच्या आसपास बसते आणि क्यूआर एका बाजूला ४९ चौकोनांचा होतो. देवनागरी नाव घातलं की तो ५७ वर जातो. चौकोन बारीक झाले की जुन्या कॅमेऱ्यांना ते उमगत नाहीत. 'पाठवा'मधून मिळणारा छोटा पत्ता वापरायचा मोह होईल, पण तो कोऱ्या फॉर्मचा असतो.

आकार: स्कॅन करायच्या अंतराचा दहावा भाग हा ढोबळ हिशोब. लॉबीत माणूस ५०-६० सेंमीवरून फोन धरतो, म्हणून बाजू ६ सेंमी, म्हणजे एक चौकोन १ मिमीच्या थोडा पुढे-मागे. चारही बाजूंना ४ चौकोनांएवढी पांढरी जागा सोडायचीच. सजावटीची चौकट त्या जागेत घुसवली की स्कॅन अडतो. चूक-सुधारणेच्या चार पायऱ्यांत सुमारे ७, १५, २५ आणि ३० टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचला जातो. वर दिलेले ४९ आणि ५७ हे आकडे १५ टक्क्यांच्या पायरीचे आहेत आणि लॉबीला ती पुरते. मधोमध सोसायटीचं बोधचिन्ह घालू नका, पांढऱ्यावर काळं, बस्स. कोड 'स्टॅटिक' घ्या: त्यात पत्ता थेट असतो, मुदत संपत नाही. काही फुकट सेवांचे 'डायनॅमिक' कोड त्यांच्या सर्व्हरवरून फिरून जातात आणि चाचणीची मुदत संपली की मरतात.

स्टिकर लिफ्टच्या आत लावू नका, दार बंद झालं की नेटवर्क जातं. बाहेर, बटणाच्या शेजारी, जमिनीपासून १२० ते १४० सेंमीवर. चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबलाईटचा पट्टा पडतो, म्हणून मॅट व्हिनाइल ३ मिमी सनबोर्डवर चिकटवून घ्या. पावसाळ्यात कागदी लॅमिनेशनच्या कडा सुटतात.

मजकूर १८-२० पॉइंटच्या खाली नेऊ नका. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी, दोन्ही फाँट चालतील. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. फार ठळक वजन लहान आकारात घेतलं तर "ष" आणि "क्ष"ची पोटं भरून जातात. फ्लेक्सवाल्याला वर्डची फाईल दिली तर त्याच्या मशीनवर वेलांटी सरकते आणि जोडाक्षरं फुटतात, म्हणून पीडीएफच द्या आणि छापण्याआधी "र्‍या", "द्ध", "क्ति" डोळ्यांनी तपासा.

मागचं_टेबल

प्रश्न कमी करण्याशी सहमत. मात्र फॉर्ममधून काढलेलं काम कुठेतरी जातंच. संगणकतज्ज्ञ लॅरी टेस्लर यांनी हे नेमकं मांडलं होतं: गुंता ठरावीक असतो, तो वापरणाऱ्याने उचलायचा की बनवणाऱ्याने, एवढंच ठरवता येतं. इथे तो मॅनेजरच्या शीटवर येणार आहे, आणि मॅनेजर अर्धवेळ आहे. तिकडे कोणी बघितलं नाही तर पाच प्रश्नांचा फॉर्मही महिन्याभरात ओस पडेल.

प्राधान्याबद्दल कोरी_चौकट काही बोलले नाहीत. तो प्रश्न काढाच, कारण सगळे "अतिजास्त" निवडतात. पण त्याच्या जागी एक प्रश्न हवा, जो मत न विचारता वस्तुस्थिती विचारतो: "पाणी आत्ता वाहतंय का?" हो किंवा नाही. 'गळती' निवडलं तरच तो दिसावा. उत्तरानुसार पुढच्या विभागात जायची सोय गूगल फॉर्ममध्ये आहे. भिंतीवरची जुनी ओल आणि छतातून पडणारी धार यांतला फरक मॅनेजरला तेवढ्यावर कळतो.

दोन गोष्टींसाठी मात्र फॉर्म असूच नये: लिफ्टमध्ये माणूस अडकणं आणि गॅसचा वास. स्टिकरवर क्यूआरच्या वर, सगळ्यात मोठ्या अक्षरांत: लिफ्ट अडकली तर हा नंबर, गॅसचा वास आला तर हा नंबर, आग लागली तर १०१. वीज गेली तर १९१२. तिथे महावितरण ग्राहक क्रमांक विचारतं, तो १२ आकडी असतो, तर कॉमन मीटरचा क्रमांक वॉचमनच्या टेबलावर चिकटवून ठेवा.

आता शीट. उत्तरं येतात त्या पानावरची उत्तरं बदलायची नाहीत. पण मग लोक दुसऱ्या पानावर फिल्टरचं सूत्र लावून "बाकी तक्रारी" आणतात आणि शेजारच्या रकान्यात हाताने "झालं / चालू" लिहितात. हे कधीही करू नका. सूत्राने आणलेल्या ओळी तक्रार मिटली की वर सरकतात, हाताने लिहिलेला मजकूर जागेवर राहतो, आणि ४०२ चं "झालं" ५०३ ला चिकटतं. स्थितीचा रकाना मूळ पानावरच, उत्तरांच्या उजवीकडे ठेवा आणि क्रम लावायचा असेल तर पूर्ण ओळींसकट लावा. तीनच स्थिती: नवी, माणूस सांगितला, झालं.

सभासदांना यादी दाखवायची असेल तर हीच शीट शेअर करू नका. मोबाईलचा रकाना लपवला तरी बघणारा प्रत काढून तो उघडू शकतो. वेगळी शीट बनवा आणि इम्पोर्टरेंजने (दुसऱ्या शीटमधले रकाने आणणारं सूत्र) फक्त तारीख, विंग, प्रकार आणि स्थिती तिकडे न्या.

पामबीच_सचिव

बरंच स्पष्ट झालं, आभार. ॲपचा आणि दोन भाषांचा मुद्दा राहिला. दोन वेगळे फॉर्म बनवायचे का? आणि लोक तसेही व्हॉट्सॲपवरच असतात, तर फॉर्म हवाच कशाला?

कोरी_चौकट

दोन फॉर्म नकोत, दोन शीट होतील आणि एक बघायची राहून जाईल. फॉर्म एकच. प्रश्न मराठीत, त्याखालच्या वर्णनाच्या जागेत तोच इंग्रजीत. पर्याय छोटे आहेत, ते "गळती किंवा ओल" आणि तिरप्या रेघेनंतर इंग्रजी शब्द असे एका ओळीत मावतात. मराठी आधी आणि इंग्रजी नंतर हा क्रम सगळीकडे सारखा ठेवा. एका प्रश्नात उलटा झाला की नजर प्रत्येक ओळीवर अडखळते.

व्हॉट्सॲपची वाट वाईट नाही. क्यूआर असा बनवता येतो की स्कॅन केल्यावर मॅनेजरच्या नंबराची चॅट उघडते आणि संदेशात "विंग बी, फ्लॅट:" आधीच लिहिलेलं असतं. लिंकमध्ये नंबर ९१ पासून सुरू करायचा, आधी शून्य किंवा अधिकचं चिन्ह लावायचं नाही. सभासदासाठी याहून सोपं काही नाही, फोटोही तिथेच जातो. पण शीटमध्ये नोंद मॅनेजरला हाताने करावी लागेल. ११२ घरांना आणि अर्धवेळ माणसाला मी फॉर्मच सुचवेन. तीस-चाळीस घरांची सोसायटी असती तर व्हॉट्सॲप म्हटलं असतं.

ॲपबद्दल: विकत घ्यायच्या आधी तक्रार नोंदवायला किती टप्पे लागतात ते मोजा. डाउनलोड, नोंदणी, ओटीपी, कमिटीची मंजुरी, मग मेनूत तक्रारीचं पान. यांतला प्रत्येक टप्पा त्या दिवशी होतो ज्या दिवशी घरात पाणी गळतंय. मेंटेनन्सची बिलं आणि गेटवरच्या नोंदीही त्यातच करायच्या असतील तर ॲपचा विचार वेगळा. नुसत्या तक्रारींसाठी ते जड आहे.

जोडाक्षर

छापण्याआधी एक चाचणी कराच. पाच सभासद घ्या, त्यांतले तिघे साठीच्या पुढचे. फोन त्यांचाच, फाँट त्यांनी ठेवलेल्या आकाराचा. कागदावर प्रिंट काढलेला क्यूआर लॉबीत तात्पुरता चिकटवा आणि एवढंच सांगा: "तिसऱ्या मजल्यावरच्या जिन्यातला दिवा गेलाय, कळवा." नंतर गप्प राहायचं. बोट कुठे थांबतं ते लिहून घ्या. कोणी "माझ्या फ्लॅटचा नंबर लिहू की तिसरा मजला?" असं विचारलं, तर फ्लॅटच्या प्रश्नाचे शब्द बदला: "तुमचा फ्लॅट नंबर", आणि बिघाडाची जागा लिहायला "आणखी काही सांगायचंय?" खाली "उदा. तिसरा मजला, जिना" अशी ओळ घाला. मला वाटतं नेमका हाच प्रश्न येईल, कारण वरच्या पाचांत जागा विचारलेलीच नाही.