आबाजी वारले तरी यादीत, माय जिवंत तरी नाव कटलं. का करावं?

टोल्यावरची
नमस्कार जी सगळ्यायले. आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यात, तेलंगणाच्या कडेला. धान निघालं का अर्धा टोला मिरची तोडाले खम्ममकडे जाते. ट्रकमंदी गंज-गडवे, लेकरं, कोंबड्या सगळं भरून. होळीच्या आगंमागं वापस येते. माझी माय दरसाल जाते.

यंदा वापस आल्यावर मी सहज मतदार यादी पाहाले गेली. माझं नाव आहे, भावाचं आहे, मायचं नाही. अन् आमचे आबाजी, जे 2016 च्या पोळ्याले वारले, ते जसेच्या तसे! वयही वाढत चाललं त्यायचं, 91 लिहून आहे. माय बाजूलेच उभी होती, हसाले लागली. म्हणे, बुढा मेल्यावरही घरचा कारभार सोडत नाही.

बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम पाहणारी, आमच्याच गावची अंगणवाडीची ताई. ती म्हणते, कोणीतरी नमुना 7, म्हणजे नाव काढायचा फॉर्म, भरला, 'कायमचे स्थलांतरित' म्हणून. ताई म्हणे, मी चौकशीले आली तं कुलूप होतं, नोटीस दाराले चिकटवली. आता मिरचीच्या दिवसात कुलूप नाही तं काय राहीन? नोटीस मांजरीनं वाचावी का? फॉर्म कोणी भरला ते सांगत नाही. मले अंदाज आहे, पण इथं लिहत नाही. गेल्या ग्रामपंचायतीले आमच्या वॉर्डात 3 मतांनं निकाल लागला होता, एवढंच सांगते.

मायचं नाव वापस कसं येईल? आबाजीचं कसं काढावं? अन् मिरचीले गेलेला माणूस स्थलांतरित होते का?

रिटायर_गुरुजी
ताई, शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगतो. नाही होत. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 20 पाहा. तात्पुरतं बाहेर गेल्यानं गावचा रहिवास तुटत नाही. आणि कलम 22 प्रमाणे 'इथं राहत नाही' म्हणून नाव काढायचं तर त्या माणसाला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. मी 11 वर्षं बीएलओ होतो. दाराला कागद चिकटवणं आम्हीही केलं आहे, खोटं कशाला बोलू. पण शेजारच्या दोन घरी विचारल्याशिवाय शेरा मारला नाही.

वगळल्याच्या आदेशावर 15 दिवसांत जिल्हाधिकाऱ्याकडे अपील असते. तुमचे ते 15 दिवस मिरचीतच गेले असतील. आता नमुना 6, म्हणजे नाव चढवायचा फॉर्म, भरा, सोबत आधार आणि जुन्या कार्डाची झेरॉक्स. घाई करा, कारण ग्रामपंचायतीची यादी विधानसभेच्या यादीवरूनच फोडतात. ऐनवेळी ग्रामपंचायतीत हरकत घेऊन नवीन नाव चढत नाही.

नमुना 7 भरणारा त्याच मतदारसंघाचा मतदार लागतो आणि फॉर्मवर त्याची सही असते. तहसीलात लेखी अर्ज देऊन प्रत मागा. खोटं लिहून दिलं असेल तर कलम 31 आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही.

पांदणरस्ता
आमच्या इकडं बुलढाण्यात उलटं हाय. माह्यं नाव गावातही अन् पुण्यातही. गावचं काढाची हिंमत होत नाही. लोक म्हणतीन, पोरगं गाव सोडून गेलं.

रिटायर_गुरुजी
भाऊ, दोन जागी नाव ठेवता येत नाही, कलम 17. एक काढा.

टोल्यावरची
पांदणवाले भाऊ, तुमची दोन अन् माझ्या मायचं एकही नाही. काढा ना जी एखादं!

वैनगंगा_काठ
वगळल्याचं कारण लेखीच मागा. बिहारमध्ये 2025 ला मसुदा यादीतून 65 लाखांच्या आसपास नावं गळाली, तेव्हा सुप्रीम कोर्टानं कारणासकट यादी जाहीर करायला लावली होती. अर्जाची पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

टोल्यावरची
गुरुजी, काल जाऊन आली. नमुना 6 दिला, पोच घेतली, नमुना 7 च्या प्रतीचाही अर्ज टाकला. बाबू म्हणे, पुढच्या सोमवारी या. म्हणजे एक रोजी अजून गेली.

आबाजीचं मात्र फसलं. नाव काढाले म्हणून मृत्यूचा दाखला आणाले ग्रामपंचायतीत गेली तं सचिव रजिस्टर पाहून म्हणते, नोंदच नाही. पोळ्याच्या गडबडीत मयत झाली, सगळ्यायले वाटलं दुसऱ्यानं सांगितलं असन. आता वर्षाच्या वर झालं म्हणून दंडाधिकाऱ्याचा आदेश लागते म्हणे. घरी येऊन मायले सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणे, राहू दे त्यायले, तू माझ्या सोमवाराचं पाय.