फोनवाल्यांची फिरकी कुठवर घ्यावी?

दुपारची_डुलकी:
मी निवृत्त गणित शिक्षिका. दुपारी जरा डोळा लागला की फोन वाजतो. आधी दोन सेकंद शांतता, मग "मॅडम, तुमच्यासाठी खास कर्जयोजना!" पूर्वी चिडायचे. गेल्या आठवड्यात म्हटलं, घेते कर्ज, पण आधी द.सा.द.शे. म्हणजे काय ते सांग. बिचाऱ्याला येईना. मग पंधरा मिनिटं सरळव्याज शिकवलं, चक्रवाढ पुढच्या तासाला ठेवलं आणि गृहपाठ दिला. "मॅडम, मला पुढचे कॉल आहेत" म्हणून त्यानेच फोन ठेवला. वर्गातून पळालेली पोरं पुष्कळ पाहिली, फोनवरून पळालेला हा पहिलाच.

परवा मात्र वेगळा गडी. "खातं बंद होतंय, ओटीपी सांगा." चष्मा शोधते म्हणाले आणि भांडी घासून आले. तोवर तो लाइनवरच! मग चष्मा सापडला, पण तो जवळचा नव्हता. शेवटी शिव्या घातल्या त्याने.

ही गंमत कुठवर करावी? आणि कुण्या राजपुत्राची ई-मेल आलीय, वारसाहक्काचे कोट्यवधी देतो म्हणे. शुद्धलेखनाच्या चुका लाल रंगात दुरुस्त करून ठेवल्यात. पाठवू?

हेडसेट_उतरवला:
मी दोन वर्षं असे कॉल केलेत. ती शांतता यंत्राची. ते एका वेळी बरेच नंबर लावतं, कुणी उचलला की मोकळ्या माणसाला जोडून देतं. कर्जवाल्याला शिकवत बसू नका हो, त्याचं टार्गेट हुकतं आणि टीम लीडर सोलून काढतो. "नको" म्हणा, ठेवा. ओटीपीवाल्याचा वेळ खुशाल खा, फक्त खरं नाव, जन्मतारीख काही सांगू नका.

स्पॅमचा_डबा:
बाई, पाठवू नका! उत्तर गेलं की पत्ता चालू आहे हे त्यांना कळतं. नुसती मेलमधली चित्रं उघडली तरी कळू शकतं. आणि चुका दुरुस्त केल्यात तर त्यांचंच नुकसान :) मायक्रोसॉफ्टच्या कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ मध्ये मांडलं होतं, की पत्र मुद्दाम अचाट ठेवतात. शहाणा पहिल्याच ओळीला हसून सोडून देतो आणि उरतो तो भोळा, त्याच्यावरच मेहनत करायची.
तुमच्या चष्म्याला जोड आहे बरं का. ब्रिटनच्या ओटू कंपनीने २०२४ मध्ये डेझी नावाची एआय आजी बनवली. तिचं काम एकच, भामट्यांशी मांजर, विणकाम असलं काहीबाही बोलत राहायचं.

दुपारची_डुलकी:
राजपुत्राला कचरापेटी दाखवली. हेडसेट, तुमचंही पटलं. आज त्या कर्जवाल्याचा परत फोन. "नको रे बाळा" म्हणून ठेवणार, तेवढ्यात म्हणाला, "मॅडम, सुट्टीत केलाय. चक्रवाढ राहिलं होतं."
शिकवलं. उदाहरणातलं मुद्दल मात्र खोटंच घेतलं.