मदत हवी आहे: दोन कॉर्न स्नेक एकाच टाकीत

आम्ही न्यू जर्सीत राहतो. लेकाकडे तीन वर्षांची कॉर्न स्नेक (घरी पाळतात तो बिनविषारी साप) मादी आहे, वजन ४१० ग्रॅम. महिन्यापूर्वी त्याने दुसरं पिल्लू आणलं, जेमतेम ९० ग्रॅमचं. वेगळं न ठेवता थेट तिच्याच काचेच्या टाकीत सोडलं, ही चूक कबूल.

दोघं गरम कोपऱ्यातल्या खोक्यात एकमेकांवर वेटोळं घालून बसायची. आम्ही म्हटलं, वा, गट्टी जमली! आता कळतंय की ती ऊबेच्या जागेसाठीची रेटारेटी होती. गेले दोन आठवडे पिल्लू उंदराला तोंड लावत नाही. काल टाकीत अर्धवट पचलेला उंदीर ओकलेला दिसला, तो कुणाचा हेच कळेना. शिवाय मोठी लहानाला गिळू शकते, हे वाचल्यापासून माझी झोप उडालीय. (आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "नागपंचमीपुरते साप पुरेत की!")

आज पिल्लाला प्लास्टिकच्या डब्यात हलवलंय. खाली हीट मॅट (ऊब देणारी चटई), तापमान आवरायला थर्मोस्टॅट लावून. ओकलेला मोठीचा असेल तर तिला किती दिवस उपाशी ठेवू? पिल्लाच्या खवल्यांत गोचिडी कशा ओळखायच्या? टाकीत मधोमध काच घालून भागेल, असं लेकाचं म्हणणं. मला पटत नाही. कुणी पाळलेत का?