सासू-सासरे, लहान मुलगा आणि एक आठवडा: अंदमान की लक्षद्वीप?

मुक्ता_के

नमस्कार मंडळी, डिसेंबरच्या सुट्टीत आठवडाभर कुठल्यातरी बेटावर जायचं ठरतंय, भारतातल्या भारतातच, पासपोर्ट-व्हिसाची भानगड नको. आम्ही दोघं, आठ वर्षांचा मुलगा आणि सासू-सासरे. सासूबाईंचे गुडघे दुखतात, सपाटीवर चालतात पण जिने आणि खडक म्हटलं की अवघड होतं. सासऱ्यांना कधीपासून सेल्युलर जेल बघायचंय. नवरा लक्षद्वीपच्या मागे लागलाय आणि पोराला कुठंही चालेल, पाणी आणि मासे पाहिजेत बस. टूरवाल्यांची पॅकेजेस बघितली तर सगळी सारखीच, पाच दिवसांत सहा ठिकाणं आणि रोज पहाटे तयार राहा. वयस्कर माणसांना हे झेपतं का? घरच्या मोठ्यांना घेऊन कोणी गेलं असेल तर नीट सांगा प्लीज.

गलबत

मुक्ता, सासऱ्यांची एवढी इच्छा आहे ना, मग अंदमानच करा, यात फार विचार करण्यासारखं काही नाही. आई-बाबांना घेऊन गेलो होतो म्हणून खात्रीनं सांगतोय. जेलच्या मूळ सात विंगांपैकी आता तीनच उभ्या आहेत, 1906 साली बांधकाम पूर्ण झालं तेव्हा 693 कोठड्या होत्या. तात्याराव सावरकर 1911 ते 1921 तिथे होते आणि त्यांची कोठडी अगदी वरच्या मजल्यावर, टोकाला आहे, म्हणजे जिने चढणं आलंच. सासूबाईंना खाली अंगणात सावलीत बसवा, तिथून सगळी विंग दिसते, आणि सासऱ्यांना निवांत वर जाऊ द्या. माझे बाबा त्या कोठडीच्या दारात उभे राहिले, गजांना हात लावला आणि बराच वेळ हललेच नाहीत. गाइड मागून चला चला करत होता. म्हणून सांगतो, घाईच्या ग्रुपबरोबर जाऊ नका, जेलसाठी अर्धा दिवस मोकळाच ठेवा आणि संध्याकाळच्या लाइट अँड साउंड शोची तिकिटं आधी काढून ठेवा, सीझनला संपतात.

बाकी बेटं दोनच करा, हॅवलॉक आणि नील. 2018 पासून त्यांची सरकारी नावं स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप आहेत आणि पोर्ट ब्लेअरचंही 2024 मध्ये श्री विजय पुरम झालंय, त्यामुळे बुकिंग करताना दोन्ही नावं दिसतील, गोंधळू नका. राधानगर बीचपर्यंत गाडी जाते आणि पुढे सगळी सपाट वाळू, सासूबाईंसाठी ते उत्तम. नीलला तो नैसर्गिक दगडी पूल आहे तो ओहोटीलाच बघता येतो आणि वाट खडकांतून, शेवाळ असतं, तिथे त्यांना नेऊ नका. तुमच्या पोराला मात्र तिथल्या डबक्यांत मासे, खेकडे बघायला जाम मजा येईल.

बाराटांग बेटाची सहल सरळ कापा. जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून गाड्या ताफ्यानं सोडतात, त्यासाठी मध्यरात्रीनंतर उठून निघायचं, मग बोट, मग गुहेपर्यंत चालणं. गुडघेवाल्यांचं काम नाही ते.

लाटा_आणि_मी

गलबत यांचं पटलं, पण लक्षद्वीपबद्दलही कोणीतरी नीट सांगायला हवं, कारण फोटो बघून लोक निघतात आणि परमिटचं तिथे गेल्यावर बघू म्हणतात. तसं चालत नाही. आपण भारतीय असलो तरी लक्षद्वीपला प्रवेश परमिट लागतं, त्याची कागदपत्रं आधी करावी लागतात आणि कुठल्या बेटांवर जाणार तेही त्यात ठरलेलं असतं. अंदमानात पर्यटकांच्या नेहमीच्या ठिकाणांना आपल्याला असं काही लागत नाही. 36 बेटांपैकी वस्ती फक्त 10 वर आहे आणि विमान एकट्या अगत्तीला उतरतं, तेही छोटं, त्यामुळे डिसेंबरची तिकिटं लवकर संपतात.

दुसरा पर्याय कोचीहून जहाज. हे मुद्दाम सांगतेय कारण पॅकेजच्या कागदावर हे कुठं लिहिलेलं नसतं. प्रवाळामुळे मोठं जहाज बऱ्याच बेटांच्या लगूनमध्ये, म्हणजे बेटालगतच्या उथळ पाण्यात, शिरत नाही, बाहेर खोल पाण्यात थांबतं आणि छोटी बोट शेजारी येऊन लागते. ती लाटेबरोबर वर-खाली होत असते आणि ती वर आली की नेमक्या त्या क्षणी पाय टाकायचा असतो. खलाशी दोन्ही दंड घट्ट धरतात, फार काळजीनं उतरवतात, पण दुखऱ्या गुडघ्यानं तो पाय टाकायची भीती वाटणारच.

पण एकदा पोचलात ना, की लगूनसारखं शांत पाणी मी अजून कुठं पाहिलं नाही, मुलं कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून मासे बघतात. बघायची स्थळं फार नाहीत, पाण्यात जा आणि सावलीत पडा. बंगारम बेट सोडलं तर दारू बंद आहे. तुम्ही दोघं आणि मुलगा असे कधीतरी वेगळे जा, नवऱ्याला तेवढं कबूल करून टाक.

माडाखालचा

विमानाचा खर्च आणि दगदग नको असेल तर दीव पण बघा की. बेटच आहे पण पुलावरून गाडी थेट जाते, बोटीची चिंता नाही. नागोआचा किनारा, समुद्राला लागून पोर्तुगीजांचा किल्ला, नायडा गुंफा, आणि सोमनाथ जवळच. शनिवार-रविवारी आणि सुट्ट्यांत गर्दी मात्र होते. आणि आपल्या मालवणचा सिंधुदुर्ग विसरू नका, कुरटे बेटावर 1664 साली महाराजांनी बांधायला घेतला, चहूबाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. जेट्टीवरून होडीनं थोड्या वेळात पोचता. पण हो, सेल्युलर जेलची इच्छा यानं भागणार नाही हे मलाही कळतंय.

मुक्ता_के

सगळ्यांचे मनापासून आभार! नवऱ्याला जहाजातून उतरायचं वर्णन वाचून दाखवलं, तोच म्हणाला आईला नाही नेता येणार. अंदमान नक्की झालं. आता एवढंच सांगा, बेटांमधल्या बोटी सासूबाईंना जमतील का आणि दिवस कसे पाडू?

गलबत

झकास! बोटी जमतील, तिथे जेट्टीवरूनच चढतात, हात धरायला माणसं असतात. खासगी बोटी बहुतेक बंद एसी असतात, हॅवलॉकला साधारण दोन तासांत पोचवतात, पण डेकवर हवा खायला जाता येत नाही म्हणून ज्यांना बोट लागते त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी आधीच घ्यावी. सकाळची बोट घ्या.

आधी दोन रात्री पोर्ट ब्लेअर, मग हॅवलॉक दोन, नील एक, आणि शेवटची रात्र परत पोर्ट ब्लेअरला, ही शेवटची रात्र काही झालं तरी वाचवायला जाऊ नका. हवा बिघडली की बोटी रद्द होतात आणि नीलहून सकाळी येऊन दुपारचं विमान पकडू म्हणणारे अडकतात.

अजून एक, घड्याळ आपलंच पण बेटं पार पूर्वेला, त्यामुळे डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. दुपारी झोप काढून सहाला बीचवर जाऊ म्हणालात तर अंधार असेल, राधानगरला तीनपर्यंत पोचा. मगरीचा इशारा देणारा बोर्ड दिसला तर पोराला त्या पाण्यात अजिबात सोडू नका. आणि शंख-शिंपले, प्रवाळाचे तुकडे उचलायचे नाहीत हे त्याला इथूनच समजावून न्या, विमानतळावर बॅगेतून काढून घेतात आणि मुलं फार हिरमुसतात.

लाटा_आणि_मी

मुक्ता, सासूबाईंना काठी वापरायची सवय नसेल तरी फोल्डिंगवाली एक बरोबर ठेवच. आणि हॉटेल बुक करताना तळमजल्याची खोली आत्ताच फोन करून सांगून ठेव, हॅवलॉकला बैठी कॉटेजेस पुष्कळ आहेत पण डिसेंबरात तीच सगळ्यात आधी भरतात.