‘दाहशामक’ म्हणजे नेमकं काय शमवतं?

धंतोलीकर: एका दवाखान्यासाठी रुग्णांना द्यायचं पत्रक मराठीत करून राहिलो आहे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन या गोळ्यांना ‘दाहशामक वेदनाशामक’ लिहिलं. आईनं वाचलं आणि विचारलं, “छातीत जळजळलं की घ्यायची ना ही?” मी गारच पडलो. याच गोळ्यांनी जठराला जखम होते, रक्तस्रावही होऊ शकतो. दुसरा शब्द सुचवा.

मूळशोधक: ‘दाह’ सोडू नका. संस्कृत ‘दह्’ म्हणजे जाळणे, आणि इन्फ्लमेशन, म्हणजे अंगाला येणारी लाली-सूज, याच्या मुळाशीही लॅटिनमधली आगच आहे. यकृतदाह (हिपॅटायटिस) रुळला, तसा हाही रुळेल. वाचकाला शब्द शिकवावा लागतो.

इतवारीची सून: शिकेपर्यंत गोळी पोटात गेलेली असते, भाऊ. आमच्या मामाजींनी मेडिकलवाल्याला “छातीत उसण भरली” एवढंच सांगितलं. त्यानं डायक्लोफेनॅकची पट्टी दिली. तासाभरात दरदरून घाम, डावा हात जड. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, कुठे दुखतं ते बोटानं दाखवा. मामाजींनी अख्खा तळवा छातीवर ठेवला. ईसीजीत अटॅक निघाला. ‘उसण’ म्हटलं की समोरचा स्नायूच धरून चालतो.

अजनीचा डॉक्टर: ताईंनी सांगितलेला तळवा फार मोलाचा; हृदयाचं दुखणं बहुधा एका बोटावर दाखवता येत नाही, पसरलेलं असतं. मी शब्दापेक्षा क्रियापद ऐकतो. नागपूरचा माणूस ‘दुखते’ म्हणाला तर अधूनमधून, ‘दुखून राहिलं’ म्हणाला तर आत्ता, या घडीला. मग श्रमानं वाढतं का, जबडा किंवा हात भरून येतो का, हे विचारायचं. दाबल्यावर दुखतं म्हणजे हृदयाचा त्रास नाहीच, असं मात्र नाही. आणि हृदयविकार, बीपी, किडनीचा त्रास असेल तर या गोळ्या विचारल्याशिवाय नकोत. याच घराण्यातलं रोफेकॉक्सिब हे औषध हृदयाच्या धोक्यामुळे २००४ मध्ये बाजारातून काढून घ्यावं लागलं. हृदयासाठी रोज कमी डोसची अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत आयब्युप्रोफेन तिचा परिणाम अडवू शकतं. पत्रकात सरळ ‘सूज उतरवणारी दुखीची गोळी’ लिहा.

इतवारीची सून: सूज? मामाजींच्या पायांवर आता सूज असते. ते वाचून पायांसाठीच घेतील!

अजनीचा डॉक्टर: खरं आहे. या गोळ्यांनी अंगात पाणी साठू शकतं, ती सूज वाढू शकते. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

मूळशोधक: म्हणून तर ‘शोथहर’ घ्या (शोथ म्हणजे सूजच, पण संस्कृतातली), निदान गैरसमज नाही. आणि ‘दुखून राहिलं’ ही सरळ हिंदीची छाप. ‘दुखतंय’ आणि ‘दुखतं’ यांत तोच फरक आहे की.

धंतोलीकर: ‘शोथहर’ला गैरसमज नाही, कारण समजच नाही. आणि ‘राहिलं’ला हात लावू नका. माझी आजी हिंदीचा एक शब्द बोलत नव्हती, तरी ‘करून राहिली’ म्हणायची.

मूळशोधक: आजीचा मान राखून सांगतो, छाप शेजारून येते, शिकून नाही.

वर्ध्याची वाचक: मला एक सांगा, उसण छातीत भरते? आमच्याकडे फक्त पाठीत नाहीतर कमरेत. छातीत चमक निघते.

इतवारीची सून: आमच्याकडे दोन्हीकडे भरते. चमक निघून जाते, उसण धरून बसते.