हुर्राक घालून गोड-तिखट फळाचं कॉकटेल घरी कसं करावं?

पर्वरीची_पाहुणी

नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या बदलीमुळे पुण्याहून पर्वरीला आलोय. एप्रिलात दीर-जाऊ आणि त्यांचे मित्र असे दहा-बारा जण येणार आहेत. "गोव्यात राहतेस तर हुर्राक पाज" ही फर्माईश आत्ताच झाली आहे. (हुर्राक म्हणजे काजूच्या फळाची इथली उन्हाळी दारू.)

लिमका, मीठ आणि चिरलेली मिरची घालून देता येईल, तसं इथे सगळेच देतात. पण माझ्या डोक्यात पुण्यात एका ठिकाणी प्यायलेलं पेरूचं कॉकटेल बसलंय. गुलाबी पेरूचा रस, व्होडका, तिखट सॉसचे थेंब आणि ग्लासच्या कडेला तिखटमीठ. शाळेबाहेर कागदात मिळायच्या त्या पेरूच्या फोडी आठवल्या होत्या.

घरी पॅकमधला रस आणून थोडंसं करून पाहिलं तर गोडमिट्ट. तिखट आधी जाणवतच नाही, म्हणून थेंब वाढवावेत तर घोट गिळल्यावर घसा धरतो. तर प्रश्न असे:

पेरू आणि हुर्राक जमतं का? मिरची कोणती आणि कधी घालायची? आणि तिसरा सगळ्यात महत्त्वाचा. सासूबाई घेत नाहीत, पण "मला पण तेच दे, फक्त त्यातलं ते सोडून" असं त्यांनी बजावलंय. त्यांना मुलांबरोबर सरबत दिलं तर ते वर्षभर ऐकावं लागेल.

---

अर्धा_चमचा

तिखट उशिरा लागतं ते तुमच्या हातामुळे नाही. साखर जिभेला लगेच कळते. मिरचीतलं कॅप्सेसिन ही खरं तर चवच नव्हे. उष्णता आणि वेदना ज्यांना कळते त्या मज्जातंतूंना ते चेतवतं, त्याला काही क्षण लागतात आणि घोटागणिक ते साचत जातं. म्हणून थेंब घातल्यावर चाखून मिनिटभर थांबायचं आणि मगच पुढचा थेंब. लगेच दुसरा घातलात की दोन्ही एकदम घशात भेटतात.

दुसरं म्हणजे कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतं. मिरची रसात भिजवून फार काही हाती लागत नाही, दारूत भिजवली की उतरते. बाटलीतले तिखट सॉस बहुतेक व्हिनेगरमधले असतात आणि पेरूच्या रसात ते व्हिनेगर वेगळं डोकावतं. बारमध्ये ते खपून जातं कारण तिथे लिंबूही भरपूर पिळतात.

पेरूचं म्हणाल तर ते हिवाळ्यात करा. पिकलेले पेरू थोड्या पाण्यात दहा मिनिटं शिजवायचे आणि चाळणीवर घासून बिया काढायच्या. पेरूत पेक्टिन भरपूर, त्यामुळे गार झाल्यावर गर जेलीकडे झुकतो. निम्मं पाणी घालूनच वापरा. गुलाबी हवा असेल तर ललित जातीचा लाल गराचा पेरू बघा. पुण्यात हातगाडीवर जास्त करून दिसतो तो सरदार, म्हणजे लखनौ ४९, आतून पांढरा. (नाव लखनौचं असलं तरी त्याची निवड पुण्यात गणेशखिंडीच्या फळबागेत झाली. पुणेकरांना हे माहीत नसतं याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं, कारण बाकी सगळं माहीत असतं.)

हुर्राक मी कधी प्यायलो नाही, त्यावर जाणकार बोलतील.

---

डिचोलीकर

जाणकार वगैरे नाही, पण घरचं काजूचं भाट, म्हणजे बाग आहे आणि शेजारी दारूची भट्टी. मार्च ते मे नाकाला दुसरा वास नसतो.

बाय, आधी एक सांगतो, मग शिव्या घाल. हुर्राकात पेरू घालू नको.

पेरू वाईट म्हणून नव्हे. हुर्राकाला बोंडूचा, म्हणजे काजूच्या फळाचा वास असतो आणि तो दांडगा. पेरूचाही वास दांडगा. दोघे एका ग्लासात बसले की कोण कोणाला बोलू देत नाही. व्होडकाला स्वतःचं म्हणणं नसतं, म्हणून तुझं पुण्यातलं पेय जमलं होतं. शिवाय एप्रिलात चांगला पेरू आणणार कुठून? म्हणून लोक पॅकमधला रस ओततात, त्यात साखर आधीच मापाबाहेर, आणि मग ती झाकायला तिखट मारतात. मग घसा धरणारच.

खाली बोंडू पडायला लागतो तेव्हा वर आंब्याला कैऱ्या असतात. एकाच महिन्याची दोन फळं. कैरी घे.

दोन मोठ्या कैऱ्या, साधारण अर्धा किलो, सालीसकट कुकरला उकड. कैऱ्यांच्या भांड्यात पाणी घालू नको. निवल्या की गर काढून हाताने कुस्कर आणि रेषा असतील तर पुरणाच्या चाळणीतून घास. गर वाटीने मोज. पन्ह्याला गराइतका किंवा दुप्पट गूळ घालतात, इथे पाऊणपट पुरे. आमच्या घरी माडाचा गूळ पडतो. त्याने रंग काळपट येतो, पाहुण्यांपुढे ठेवायला देखणा नाही, पण त्याची ती खरपूस, किंचित धुरकट गोडी हुर्राकाशी धरून राहते. फोटो काढायचे असतील तर पिवळा गूळ घाल, मी काही म्हणणार नाही. वेलची मात्र नको. वेलची पडली की ते चैत्रगौरीचं हळदीकुंकू झालं. मीठ चिमटीपेक्षा जरा सैल हाताने. आणि गोडी गरम असताना ठरवू नको. गार झालं की गोड कमी लागतं आणि वर बर्फाचं पाणी होतं. थोडा गर बर्फावर घालून मग चाख.

आता मिरची. आमच्याकडे उभी चिरून थेट ग्लासात टाकतात. पिणारा गप्पांत रमला की मिरची आपलं काम करत राहते आणि शेवटचा घोट सगळ्यात जहाल. आम्हाला त्याची सवय आहे, पुण्याचे पाहुणे अर्धा ग्लास टेबलावर ठेवून उठतील. तू असं कर. ७५० मिलीच्या बाटलीला तीन हिरव्या मिरच्या. उभ्या चिरून आतल्या बिया आणि मुख्य म्हणजे ज्याला बिया चिकटलेल्या असतात ती पांढरी शीर खरवडून टाक. खरा जाळ त्या शिरेत असतो, लोक उगाच बियांना नावं ठेवतात. मिरच्या काचेच्या जगमध्ये हुर्राकात बुडवून फ्रिजमध्ये ठेव आणि दर दहा मिनिटांनी चमचाभर चाख. माझ्या परसातल्या मिरचीला अर्धा तास लागतो, बाजारातलीचा भरवसा नाही. जिभेच्या टोकाला चुणचुण आली की मिरच्या काढून टाक. "अजून थोडा वेळ राहू दे" असं वाटेल. राहू देऊ नको. ज्याला जास्त हवं तो ग्लासच्या कडेवरून घेईल.

ग्लासात ९० मिली हुर्राक, तीन मोठे चमचे गर, अर्ध्या लिंबाचा रस आणि बर्फ घालून नीट ढवळ. मग वरून साधा सोडा. लिमका नको, आपण दारातून हाकललेली साखर खिडकीतून परत येते. लिमकावाल्यांशी माझं वैर नाही, त्यांच्यात मीही बसतो, पण तो वेगळा कार्यक्रम.

कडेला लावायला सुकी लाल मिरची. काणकोणातल्या खोला गावची मिळाली तर उत्तम, रंग झगझगीत आणि तिखटाला बेताची. मिरची शेकून जाडसर कुटायची आणि त्यात मीठ नि थोडी साखर. कड अर्धीच माखायची. पूर्ण माखली तर माणसाला पर्याय राहत नाही.

हुर्राक मात्र ओळखीच्या भट्टीवरून घे. फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये सरकारने वारसा पेय म्हणून मान दिला, त्यामुळे फेणी सीलबंद, लेबलासकट मिळते. हुर्राक अजून बराचसा जुन्या पाण्याच्या बाटल्यांतून फिरतो. आंबलेला रस पहिल्यांदा गाळला की हुर्राक, त्यात पुन्हा आंबलेला रस घालून गाळला की फेणी. फेणी ४२ टक्क्यांच्या आसपास असते. हुर्राक त्याच्या निम्म्याहून कमी, पण भट्टीगणिक वेगळा. म्हणून ९० मिली लिहिलं. फेणी वापरणार असलीस तर ३० वर ये, नाहीतर दीर जेवायला उठणार नाहीत.

---

रविवारचा_रिकामा

एवढ्या खटाटोपात माझी दोन गार बिअर पिऊन झोपसुद्धा झाली असती.

---

डिचोलीकर

झोपा. कैऱ्या आमच्या आहेत.

---

कॅलिफोर्नियाची_काकू

पेरूच्या फोडींवरून आठवलं. लॉस एंजेलिसमध्ये रस्त्याच्या कडेला मेक्सिकन फळांच्या गाड्या असतात. आंबा, काकडी, कलिंगड, हिकामा नावाचं पांढरं करकरीत कंद असं सगळं पेल्यात कापून देतात, वर लिंबू आणि ताहीन. ताहीन म्हणजे लाल मिरची, सुकवलेलं लिंबू आणि मीठ यांची भुकटी. मी पहिल्यांदा खाल्लं तेव्हा गाडीवाल्याला मराठीतच "वा" म्हणाले. त्यांचा मांगोनादा नावाचा प्रकार तुमच्या कामाचा आहे. हापूससारख्या पिकल्या आंब्याचा बर्फाळ गोळा, त्यात चामोय नावाचा आंबट-खारट-तिखट दाट पाक आणि वर ताहीन. चामोय खारवलेल्या फळांपासून करतात, जर्दाळू, आलुबुखार, कधी आंबाही.

पर्वरीत चामोय शोधत फिरू नका. छुंदा आणा, ते किसलेल्या कैरीचं पाकातलं लोणचं. त्याचा नुसता पाक बशीत काढून ग्लासची कड त्यात बुडवायची, मग तिखटमिठात. लिंबाने ओली केलेली कड दोन मिनिटांत गळते, पाकाची शेवटपर्यंत टिकते. आणि डिचोलीकरांच्या कुटलेल्या मिरचीत चमचाभर आमचूर घातलंत की ताहीनच्या अगदी जवळ जाल.

तसं पाहिलं तर मिरची मेक्सिकोकडची, काजू ब्राझीलचा, दोन्ही पोर्तुगीजांच्या जहाजांतून गोव्यात उतरले. आंबा तेवढा आपला. त्यामुळे तुमच्या ग्लासात मेक्सिकन कल्पना आली तरी कुणी भुवया उंचावू नयेत.

---

पर्वरीची_पाहुणी

सगळ्यांचे आभार. पेरूचा हट्ट सोडला, तो डिसेंबरात पुण्यात करीन, लाल गराचा शोधून.

डिचोलीकर काका, काल एका कैरीचं करून पाहिलं. चव फारच आवडली, नवऱ्याने माडाच्या गुळाच्या बाजूने मत दिलं. तीन शंका राहिल्या. एक, ग्लास ठेवला की गर तळाशी बसतो आणि वर पिवळट पाणी राहतं. दोन, सासूबाईंचं काय? मिरची दारूतच उतरते म्हणता, मग त्यांच्या ग्लासाला तिखट कुठून आणू? तीन, दीर आत्तापासून विचारतायत की परत जाताना चार बाटल्या गाडीत टाकून नेता येतील का.

---

अर्धा_चमचा

दुसऱ्याचं मी सांगतो. बिनदारूच्या ग्लासाला मिरची भिजवायची नाही, वाटायची. एक मिरची शीर काढून, जाड मीठ आणि आल्याच्या लहान तुकड्याबरोबर खलात ठेचा आणि थेट कैरीच्या गरात मिसळा. विरघळली नाही तरी गरात धरून राहते. आल्याचं तिखट मिरचीपेक्षा वेगळ्या जातीचं, नाकाकडे चढणारं. दारूने येणारी ऊब नसते ती जागा ते बऱ्यापैकी भरून काढतं. वर सोडा आणि तीच माखलेली कड. ग्लास मात्र सगळ्यांसारखाच द्या. ज्येष्ठांच्या बाबतीत अर्धं काम ग्लास करतो.

---

डिचोलीकर

आल्याचं पटलं. त्यात दोन थेंब कोकमाच्या आगळाचे, म्हणजे दाट रसाचे घाल, रंगही येईल. आगळात मीठ असतं, तेव्हा वरचं मीठ कमी कर.

गर बसतो तो बसणारच, तो गर आहे. दहा-बारा जणांसाठी एकदम मिसळून ठेवू नको. मिरचीचा हुर्राक एका जगमध्ये, गर दुसऱ्या भांड्यात, दोन्ही फ्रिजमध्ये. माणूस आला की त्याचा ग्लास भर. घट्ट झाकणाच्या बरणीत हुर्राक, गर, लिंबू आणि बर्फ घालून खडखडून हलवलंस तर बराच वेळ एकजीव राहतं. सोडा बरणीत घालू नको, झाकण छताला जाईल. आणि प्रत्येक ग्लासात लांब चमचा दे. लोकांना हाताला काहीतरी काम लागतं.

बाटल्यांचं दिराला स्पष्ट सांग. गोव्यातली दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात नेणं गुन्हा आहे, बांद्याच्या पुढे इन्सुलीला उत्पादन शुल्कवाल्यांचा नाका आहे, आणि पुण्याची पाटी बघून गाडी बाजूला घ्यायला लावतात. आणि नेऊन करणार काय? हुर्राक ठेवायची वस्तू नाही, पाऊस लागेपर्यंत त्याचा दम संपतो. त्यांना ठेवायचीच असेल तर सीलबंद फेणी, तीही परवाना काढून. नाहीतर आगळ घेऊन जा म्हणावं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बाटलीतून मिळतं. घेताना वास घ्यायचा आणि पाणी किती घातलंय ते विचारायचं. खरं कोणी सांगत नाही, पण विचारल्यावर विकणारीचा चेहरा बघून कळतं.

---

पर्वरीची_पाहुणी

बरणीची युक्ती भारी आहे. शुक्रवारी म्हापशाला जातेच आहे. माडाचा गूळ तिथेच मिळेल ना, की पणजीच्या बाजारात बघू?

---

डिचोलीकर

म्हापशातच मिळेल. काळा, मऊ बघून घे. बोटाने दाबून बघ, दगडासारखा असेल तर जुना.